काकूंना पित्त झालंय : ट्रेक नेणाऱ्यांना एक अनावृत पत्र

प्रति,
दर शनिवारी रात्री मुंबई-ठाणे-पुण्याहून बस भरून सह्याद्रीत ट्रेक नेणाऱ्या सर्व संस्था, ग्रुप आणि लीडर मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी साठ वर्षांची, डोंबिवलीची, बँकेतून निवृत्त. तुमच्या भाषेत 'काकू'. तुमचे गूगल फॉर्म मी पुष्कळ भरले आहेत. वयाच्या रकान्यात दर वेळी क्षणभर थांबायचे आणि मग खरं वय टाकायचे. खरं तेवढंच. पुढे 'काही आजार? चालू औषधं?' असा प्रश्न असतो, तिथे मी सहा वर्षं 'नाही' लिहीत आले. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी चहाआधी घेत होते आणि 'नाही' लिहीत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तुमच्याविषयी बरंच बोलायचं आहे आणि स्वतःची चूक शेवटी कुठेतरी पुटपुटून मोकळी झाले असं नको.

जानेवारी 2024 मध्ये हरिश्चंद्रगडावर मला हार्ट अटॅक आला. वय तेव्हा 58.

गड माझ्या ओळखीचा होता. पहिल्यांदा गेले ती 1984 च्या डिसेंबरात, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना. कल्याणहून आळेफाट्याकडे जाणारी रात्रीची एसटी, मध्यरात्री खुबी फाट्यावर उतरायचं आणि अंधारात पायथ्याचं खिरेश्वर गाव गाठायचं. पायात हंटर शूज, पाठीवर भावाची एनसीसीची पिशवी, पिशवीत कांदे आणि शेंगदाण्याची चटणी. टोलार खिंडीच्या वरच्या खडकाला आज रेलिंग आहे, तेव्हा नव्हतं. वर पोचल्यावर टेकड्यांमागून टेकड्या, सगळ्या एकसारख्या, आणि आम्हाला चकवा लागला. दोन तास त्याच करवंदीच्या जाळीपाशी परत परत आलो. शेवटी एका गुराख्याने देवळाचा रस्ता दाखवला आणि वर हसला. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या बर्फगार पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घातली, चारांपैकी एकच खांब उरलाय तो हाताने चाचपून पाहिला. संध्याकाळी कोकणकड्यावर पोटावर आडवी होऊन खाली डोकावले तेव्हा पोटात जे झालं ते पुढची चाळीस वर्षं पुरलं.

नंतर काय, लागलीच सवय. बँकेतली नोकरी, लग्न, दोन मुली, सासूबाईंचं आजारपण, सगळ्याच्या फटीफटीतून डोंगर. रतनगडाचं नेढं (कातळातलं आरपार भोक), साल्हेरच्या माथ्यावरचा वारा, राजगडाहून तोरण्याला जाताना ती न संपणारी सोंड. मुलींना पाठुंगळीला घेऊन राजमाची केली. पुरुषमंडळी 'हौस' म्हणतात, माझी आई 'खूळ' म्हणायची. आईचा शब्द जास्त बरोबर आहे.

आमच्या वेळचे जे सर आम्हाला न्यायचे त्यांचा एकच नियम होता : सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. कोणी कुरकुर केली की म्हणायचे, "गड चारशे वर्षं तिथेच आहे." (हरिश्चंद्रगड त्याहून खूप जुना. इतिहासात सर कच्चे होते.) हा नियम आता कुठेच दिसत नाही. आता पुढे पळणारे पुढे, आणि मागे राहिलेल्यांसाठी एक दमलेला मुलगा.

तर 2024. हल्ली खिरेश्वराकडून फार जण नेत नाहीत, पायथ्याच्या दुसऱ्या गावाची, पाचनईची वाट सोपी. शुक्रवारपर्यंत बँक, शनिवारी घरची कामं, रात्री अकराला कल्याणहून बस. रात्रभर मागच्या सीटवर गाणी. झोप शून्य. पहाटे चारला पाचनई, साडेसहाला चालायला सुरुवात. आम्ही 46 जण होतो आणि लीडर दोन.

याआधी तीन आठवडे मला एक गोष्ट होत होती. डोंबिवली स्टेशनचा पूल चढताना खालचा जबडा दुखायचा. वर पोचून जरा थांबलं की थांबायचा. मी कुठे गेले असेन? दातांच्या डॉक्टरकडे. त्यांनी एक्स-रे काढला, दाढ ठीक आहे म्हणाले, तरी माउथवॉश दिला. चढलं की दुखतं आणि थांबलं की थांबतं, असलं दाताचं दुखणं कुठे असतं का? पण चाळीस वर्षं डोंगर चढलेल्या बाईला 'तुला पूल चढताना त्रास होतोय' हे कबूल करायचं नसतं. मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

पाचनईच्या वाटेवर त्या लांबलचक कपारीखालून जाताना तोच जबडा सुरू झाला. मी थांबत थांबत गेले. नऊच्या सुमारास देवळापाशी. कोकणकड्याकडे निघालो आणि साधारण पावणेदहाला, सपाटीवर, काहीही चढत नसताना, जबड्यातली कळ पाठीत दोन खांद्यांच्या मधोमध उतरली. छातीत म्हणाल तर काही नाही. मळमळ. आणि घाम. जानेवारीतलं ते वारं, सगळ्यांच्या अंगावर जॅकेटं, आणि माझ्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावरून टपटपत होता. मला तो थेंब आठवतो. मातीत पडला तिथे छोटा काळा ठिपका झाला.

तुमच्यापैकीच एकाने, तेवीस-चोवीस वर्षांचा चांगला मुलगा, माझ्यासमोर उकिडवं बसून विचारलं, "काकू, सकाळी पोहे खाल्ले होते ना? पित्त झालंय तुम्हाला." आणि त्याच्या फर्स्ट एडच्या पाऊचमधून इनोची पुडी निघाली. कुणीतरी लिंबू दिलं. कुणी पाठ चोळून दिली. मी स्वतःसुद्धा म्हणाले, "हो, पित्तच असणार." आपल्याकडे बाईला जे काही होतं ते पित्तच असतं. मग त्याने मला देवळाजवळच्या एका टपरीच्या सावलीत बसवलं, एका मुलाला सोबत ठेवलं, "तासाभरात येतो हं काकू," म्हणाला, आणि बाकीच्यांना घेऊन कड्याकडे गेला. सोबतच्या मुलाचा तो आयुष्यातला पहिला ट्रेक होता. तो मला सारखं पाणी प्यायला सांगत होता, कारण त्याला तेवढंच सांगितलेलं होतं.

टपरी ताक-सरबताची. ती चालवणारी बाई असेल पस्तिशीची. ताक घुसळता घुसळता ती माझ्याकडे बघत होती. मग रवी तशीच सोडून उठली, माझा हात हातात घेतला आणि मला काही न विचारता त्या मुलाला म्हणाली, "हिचा रंग पार गेलाय. हे पित्त नाय." माझा रंग मला दिसत नव्हता. तिने मला पोत्यांना टेकवून अर्धवट बसवलं, गुडघ्यांखाली घोंगडी गुंडाळून ठेवली. मी म्हणाले, हळूहळू उतरते मी, उतारच तर आहे. "उठायचं नाय ताई. पाय टाकायचा नाय. माझा बा असाच गेला, पित्त पित्त करत."

एवढं सगळं तिला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. बाप गेला तेव्हा शिकली.

दैव म्हणा, शेजारच्या टपरीवर दुसऱ्या एका ग्रुपमधले गृहस्थ चहा घेत होते. माझ्याच वयाचे, स्वतः दोन स्टेंट घातलेले. आवाज ऐकून आले. त्यांनी चार प्रश्न विचारले : दुखणं कुठून कुठे गेलं, ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे का, पोटात अल्सर किंवा कुठे रक्तस्राव, गोळ्या कुठल्या चालू आहेत. चौथ्या प्रश्नाला मी रक्तदाबाच्या गोळीचं नाव सांगितलं. तुमच्या फॉर्मवर जे सहा वर्षं लिहिलं नाही ते एका अनोळखी माणसाला अर्ध्या सेकंदात. त्यांनी ॲस्पिरिनची गोळी दिली, "गिळू नका, चावा." जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटही त्यांच्या पाकिटात होती. ती हातात घेतली आणि परत ठेवली. "बीपी मोजायला काही नाही इथे. ही नको." पुढे नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं की अडथळा उजव्या धमनीत होता, आणि अशा अटॅकमध्ये त्या गोळीने रक्तदाब एकदम कोसळू शकतो. घरोघरी 'छातीत दुखलं की जिभेखाली गोळी' हा मंत्र आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

टपरीवालीने तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली. अशी शीळ मी शहरात कधी ऐकली नाही. दहा मिनिटांत पाच जण आले, वाटेत आणखी तीन भेटले. मांडवाचा एक जाड बांबू काढला, घोंगडीची टोकं त्याला करकचून बांधली, झोळी झाली. एक पुढे, एक मागे, बाकीचे खांदा बदलायला. पाचनईच्या कपारीखालची वाट आठवा. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला रेलिंग, मध्ये दोन माणसं शेजारी-शेजारी धड चालत नाहीत. तिथे तुमचं चार हँडलांचं स्ट्रेचर अडकलं असतं. एकाच बांबूची झोळी का, ते मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त घोंगडीच्या फटीतून खडकाचं पोट सरकताना दिसत होतं आणि धुराचा, मेंढीच्या लोकरीचा वास येत होता. ओकारी आली तेव्हा मी घोंगडीतच ओकले. मागचा म्हणाला, "असू द्या ताई." माझं वजन तेव्हा 64 किलो. मी मनात ते आठांनी भागत होते. बँकवाली बाई, दुसरं काय करणार.

पाऊण तासाने, कपार संपत आली तेव्हा, मागून तुमचा मुलगा धापा टाकत आला. पांढराफटक. त्याचा मला आजही राग येत नाही. त्याला कोणीही काहीही शिकवलेलं नव्हतं आणि 46 माणसं त्याच्या हवाली केली होती.

खाली गावातली जीप तयार होती. एक पोरगा रेंज मिळते त्या टेकाडावर चढून 108 ला फोन करून आला होता. राजूरच्या वाटेवर ॲम्ब्युलन्स समोरून आली. ईसीजी निघाला तेव्हा पावणेदोन वाजले होते. म्हणजे सुरुवातीपासून चार तास. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, मग नाशिक, अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. आज माझ्या हृदयाचं पंपिंग 45 टक्के आहे, चांगलं असतं तर 55 च्या वर असतं. डॉक्टर म्हणाले, रक्त न मिळालेला स्नायू मिनिटामिनिटाने मरतो, जेवढं लवकर तेवढा वाचतो. त्या चार तासांतला एक तास पित्ताचा.

हॉस्पिटलमधून सुटल्यावर मोबाइल उघडला. ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोकणकड्याचे 112 फोटो होते आणि एक मेसेज : 'एका सदस्याला किरकोळ त्रास झाल्याने परतीला उशीर झाला, क्षमस्व. बाकी ट्रेक यशस्वी!!' शेवटी गुलाबाचं फूल. संस्थेचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की बाकीचे सुटतात.

आता मुद्द्याचं.

तुमच्यात काम नेकीने करणारे आहेत हे मला माहीत आहे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्था, महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला जोडलेले ठिकठिकाणचे गट, ही माणसं रात्री-अपरात्री स्वतःची कामं टाकून दरीत उतरतात. पण ती शहरातून किंवा तालुक्याहून येणार. ती पोचेपर्यंतचे दोन, तीन, पाच तास कोणाचे असतात? पायथ्याच्या गावाचे. गडावर ताक विकणाऱ्या बाईचे, गाइडगिरी करणाऱ्या पोरांचे, तुम्ही ज्यांच्याकडे माणशी भाकरी-पिठल्याचा भाव घासाघीस करून ठरवता त्यांचे. तुमच्या पोस्टवर 'सेफ्टी' म्हणून जे लिहिलेलं असतं, ती सगळी सेफ्टी या माणसांच्या खांद्यावर उभी आहे आणि तिचे पैसे तुम्ही कोणालाच देत नाही.

हिशेब मांडते. माझ्या ट्रेकची फी 1,400 रुपये होती. 46 जणांचे 64,400. बस, नाश्ता, जेवण, वनखात्याची प्रवेश फी, लीडरांचं मानधन, सगळं वजा करा. मी तुमच्या नफ्यावर डोळा ठेवून नाही, धंदा आहे, करा. पण माणशी 50 रुपये, पायथ्याच्या गावासाठी, वेगळे काढा. एका बसचे 2,300 होतात. तीन-चार रविवारांत घडीचं स्ट्रेचर येईल, रक्तदाब मोजायचं यंत्र येईल. पुढच्या रविवारांतून गावातल्या आठ-दहा पोरांचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण होईल, आणि उरलेल्यातून झोळी उचलणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी मिळेल. उपकार म्हणून द्यायची नाही, ठरलेली मजुरी. त्या दिवशी मला उतरवणाऱ्या आठांपैकी तिघांचे ताकाचे डेरे वर तसेच राहिले. ऐन हंगामातला रविवार.

स्ट्रेचर घेताना मात्र गावाला विचारून घ्या. कपारीत काय बसतं ते त्यांना ठाऊक आहे.

दुसरं, तुमच्या लीडरांबद्दल. 2021 मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणी आली. ती कितीजणांनी केली, हे तुम्ही आपापल्या मनाला विचारा. मी नियमाचं बोलत नाही, एका मुलाच्या तोंडच्या एका वाक्याचं बोलते. 'पित्त झालंय' हे निदान लीडरने कधीही करायचं नाही. चाळिशीच्या पुढचा माणूस चालताना जबडा, खांदा, पाठ, हात, पोटाचा वरचा भाग यांपैकी काहीही धरून बसला, थंडीत घामाने भिजला, ओकायला लागला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते हृदय समजायचं. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत नेहमीसारखं दुखतंच असं नाही. त्याला चालवायचं नाही, 'उतारच आहे' म्हणूनसुद्धा नाही. एकटं टाकून जायचं नाही. तुमच्या पाऊचमध्ये इनो, बाम, क्रेप बँडेज आणि ग्लुकोजचा पुडा असतो. डॉक्टरांचा सल्ला घेऊन त्यात ॲस्पिरिनची पट्टी ठेवा आणि ती कोणाला द्यायची नाही हेही शिकून घ्या. आणि खाली निरोप आधी धाडा, खात्री नंतर करत बसा. खोटा निघाला तर निघाला. एका काकूंचं हसं होईल, त्याची आम्हाला सवय आहे.

रात्रभर जागवून पहाटे चढवायचं, यावर एक वेगळं पत्र होईल. तूर्त एवढंच की पन्नाशीच्या पुढच्यांना हे करू नका.

आता माझ्या पिढीचं गुपित फोडते. तुमच्या फॉर्मवर आम्ही खोटं लिहितो. सर्रास. खरं लिहिलं तर 'काकू, तुम्ही पुढच्या महिन्यात सोपा ट्रेक आहे त्याला या' असा गोड मेसेज येतो आणि तो पुढचा महिना कधी येत नाही. एकदा नाव कापलं गेलं की आम्ही शिकतो. म्हणून फॉर्म बदलून फार होणार नाही. फोन करा. पन्नाशीच्या वरच्या प्रत्येकाला दोन मिनिटांचा एक फोन, आणि विचारा : "अलीकडे जिना चढताना काही होतं का?" मला कोणी एवढं विचारलं असतं तर मी बहुधा जबड्याचं बोलले असते. दातांचं म्हणून का होईना. आणि 'हो' म्हणणाऱ्याचं नाव लगेच कापू नका. डॉक्टरची चिठ्ठी मागा, हळू चालणाऱ्यांची वेगळी तुकडी करा. कोकणकडा नाही झाला तरी चालेल आम्हाला, केदारेश्वरापर्यंत नेऊन आणा.

अटॅकनंतरच्या नोव्हेंबरात, डॉक्टरांच्या परवानगीने, नवरा आणि धाकटी मुलगी सोबत घेऊन मी पाचनईला गेले. गडावर नाही, गावात. घोंगडी परत द्यायची होती. ती माझ्याबरोबर जीपमधून, ॲम्ब्युलन्समधून नाशिकपर्यंत आली होती. कुठल्यातरी नर्सने प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारून ठेवली, म्हणून टिकली. धुताना पंचाईत झाली, मशीनमध्ये घालता येत नाही. रिठ्याच्या पाण्यात हाताने धुतली, दोन दिवस गच्चीत वाळवली, तरी धुराचा वास गेला नाही. सोबत एक नवी घोंगडीही घेतली होती.

टपरीवाली तेव्हा खाली घरी होती. जुनी घोंगडी उलगडून उजेडात धरली, बांबूला बांधलेल्या टोकांना चिरा गेल्या होत्या तिथे बोट फिरवलं. पैसे तिने घेतले नाहीत. आठांपैकी जे भेटले त्यांनीही नाही. मी सरपंचांकडे पाकीट देऊ केलं तर म्हणाले, कशाच्या खात्यावर जमा करू? बत्तीस वर्षं लोकांची खाती उघडून देणाऱ्या बाईला असं खातं नाही याचं उत्तर सुचलं नाही. ते खातं तुम्ही उघडा. कागदपत्रं मी करून देते, मला येतात.

नवी घोंगडी तिने ठेवून घेतली. म्हणाली, "जुनी वर नेते. पुढच्या झोळीला लागंल."

आपली,
एक काकू
डोंबिवली (पूर्व)